अक्षर गिरवण्याआधी शब्द ऐकू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पहिली-दुसरीच्या मुलांना वाचता येत नाही, ही तक्रार वर्तमानपत्रांत नेमाने येते आणि तिच्यावरचा उपायही ठरलेला असतो: अक्षरे आणखी लवकर सुरू करा, आणखी गिरवून घ्या. मग साडेतीन वर्षांच्या मुलापुढे पाटी येते, पाचव्या वर्षापर्यंत मुळाक्षरे तोंडपाठ होतात आणि तरीही सातव्या वर्षी तेच मूल ‘मासा’ या शब्दापाशी अडते. त्याला म ओळखता येतो, स ओळखता येतो, काना कशाला म्हणतात तेही सांगता येते. ‘मासा’ हा बोललेला शब्द कोणत्या आवाजांचा बनला आहे, हे मात्र त्याने कधी कानाने सोडवून पाहिलेले नसते. या क्षमतेला ध्वनिजाणीव म्हणतात. बालवाडीच्या वेळापत्रकात तिला बहुधा जागा नसते. जिथे असते तिथे ती इंग्रजी सरावपुस्तकांवरून जशीच्या तशी उतरवलेली असते, आणि मराठी वाचणाऱ्या मुलाला त्यातले निम्मे लागू पडत नाही. या दोन्ही गोष्टींबद्दल थोडे सविस्तर लिहीत आहोत.

आधी एक गैरसमज दूर करू. ध्वनिजाणिवेचा कानाच्या तीक्ष्णपणाशी किंवा शुद्ध उच्चारांशी संबंध नाही. चार वर्षांचे मूल अस्खलित बोलत असते, पण त्याचे सगळे लक्ष अर्थाकडे असते. ‘साप’ आणि ‘फुलपाखरू’ यांतला मोठा शब्द कोणता, असे विचारले तर ते ‘साप’ म्हणते, कारण साप मोठा असतो. शब्द ही वस्तूपासून वेगळी, लांब-आखूड असणारी, तोडता येणारी गोष्ट आहे हे त्याला अजून जाणवलेले नाही. पहिली पायरी तीच. दोन्ही शब्द सावकाश म्हणून, बोलता बोलता कागदावर बोट सरकवत रेघ ओढली की कोणता शब्द लांब ते मुलाला दिसते. असे आठ-दहा शब्द झाले की बहुतेक मुले अर्थ बाजूला ठेवून शब्द ऐकू लागतात.

यानंतरचा क्रम महत्त्वाचा आहे. अमेरिकेत इझाबेल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मुलांना शब्दाचे भाग टेबलावर ठोके देऊन मोजायला लावले. चार वर्षांच्या मुलांपैकी सुमारे निम्म्यांना शब्दाचे मोठे तुकडे (‘टोपी’चे टो-पी असे) मोजता आले, सुटे ध्वनी (ट्-ओ-प्-ई असे) मात्र एकालाही मोजता आले नाहीत. पहिलीच्या अखेरीस तुकडे ९० टक्के मुलांना आणि ध्वनी ७० टक्के मुलांना जमले. पुढे १९७९ मध्ये जोसे मोराइस यांच्या गटाने पोर्तुगालमधल्या निरक्षर प्रौढांची चाचणी घेतली. शब्दाच्या सुरुवातीचा एक ध्वनी काढून टाकणे किंवा नवा जोडणे यांतल्या बहुतेकांना जमले नाही; त्यांच्याच सारख्या परिस्थितीतले, पण मोठेपणी वाचायला शिकलेले लोक ते करू शकले. थोडक्यात, शब्दाचे तुकडे मुलाला अक्षरांवाचून ऐकू येतात. त्याहून बारीक ध्वनी बऱ्याच अंशी अक्षरे हाताशी आल्यावरच ऐकू येऊ लागतात. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवर केलेल्या अभ्यासातही (२००७) हेच दिसते: अक्षराएवढ्या तुकड्यांची जाण लवकर येते, व्यंजन-स्वर सुटे करण्याची जाण सावकाश येते. मराठीची लिपीही त्याच घडणीची आहे. म्हणून तुकड्यांचा खेळ तोंडी खेळावा आणि ध्वनींच्या खेळाला लागताच मुलाच्या हातात अक्षरे द्यावीत, असे आमचे म्हणणे आहे. वर्षभर नुसते कान तयार करत बसणेही चूक आणि कान न उघडता अक्षरे गिरवणेही चूक.

तुकड्यांची सुरुवात टाळ्यांनी करतात: शब्द तोडून म्हणायचा आणि दर तुकड्याला एक टाळी. त्याआधी त्याचा उलटा खेळ आठवडाभर घ्यावा, तो सोपा असतो. टेबलावर दोन-तीन चित्रे ठेवायची, मोठ्या माणसाने ‘टो… पी’ असे मध्ये सुमारे एक सेकंद थांबून म्हणायचे आणि मुलाने टोपीच्या चित्रावर बोट ठेवायचे. तुटलेला शब्द जोडणे जमले की तोडणे सुरू करावे. पहिले शब्द दोन तुकड्यांचे असावेत: टोपी, गाडी, मासा, शिडी, उशी. मग तीन तुकड्यांचे: बाहुली, हातोडी, किनारा. एका तुकड्याचे, म्हणजे मी, तू, ये, जा, हे सगळ्यांत शेवटी. सोपे म्हणून अनेक जण तेच आधी घेतात, पण तिथे तोडायला काहीच नसल्याने मूल ‘ये-ए’ अशा दोन टाळ्या वाजवून मोकळे होते.

वरच्या यादीतल्या प्रत्येक अक्षराचा स्वर स्पष्ट ऐकू येतो. अशी निवड मुद्दाम करावी लागते, कारण मराठीत लिहिण्यात गृहीत धरलेला ‘अ’ दर वेळी उच्चारला जात नाही. ‘घर’ लिहिताना दोन अक्षरे, पण म्हणताना तुकडा एकच. ‘चमचा’ लिहिताना तीन अक्षरे, म्हणताना चम्-चा. तसेच खिडकीचे खिड्-की, पिशवीचे पिश्-वी, कावळ्याचे काव्-ळा. चार अक्षरांची ‘आगगाडी’ तोंडातून तीन तुकड्यांत बाहेर पडते. ज्या मुलाने ‘चमचा’ला दोन टाळ्या वाजवल्या त्याने अगदी बरोबर ऐकले आहे. ‘अरे, च-म-चा, तीन!’ असे म्हणून त्याला सुधारणारे आपण मोठे लोक शब्द ऐकत नसतो, मनातल्या मनात तो लिहिलेला पाहत असतो. अशी दुरुस्ती दोन-चारदा झाली की मूल कानावर विसंबणे सोडते आणि बाईंच्या हाताकडे पाहून टाळ्या वाजवू लागते. यावर मार्ग दोन. अक्षरे शिकवायला घेईपर्यंत असे शब्द टाळावेत, किंवा आलेच तर दोन टाळ्या बरोबर धराव्यात. अक्षरे सुरू झाल्यावर मात्र ही गोष्ट उघड सांगावी: म्हणताना दोन, लिहिताना तीन. लपवून ठेवली तर मूल ‘क… म… ळ…’ असे प्रत्येक अक्षर पूर्ण ‘अ’सकट वाचते आणि त्यातून ओळखीचे ‘कमळ’ त्याला ऐकू येत नाही. अशा वेळी ‘पुन्हा वाच’ म्हणून उपयोग नाही. ‘हेच जरा भरभर म्हण, कोणता शब्द ऐकू आला?’ असे विचारावे. चित्रांवर बोट ठेवण्याचा पहिला खेळ ज्याने भरपूर खेळला आहे, ते मूल इथे फार अडत नाही.

टाळ्यांतली दुसरी अडचण समूहाची. तीस मुले एका सुरात टाळ्या वाजवतात तेव्हा ऐकणारी चार-पाच असतात, बाकीची त्यांच्यामागे चालतात. म्हणून गट चार ते सहा मुलांचा असावा आणि टाळीऐवजी प्रत्येकासमोर पाच बटणे किंवा खडे ठेवावेत. दर तुकड्याला एक बटण पुढे सरकवायचे. बटण जागेवर राहते, त्यामुळे कोणी काय ऐकले ते नंतरही पाहता येते आणि ‘दुसरा तुकडा कोणता?’ असे बोट ठेवून विचारता येते. काही मुलांना हनुवटीखाली हात धरून बोलायला लावले की तुकडे लवकर कळतात, कारण स्वराला जबडा खाली येतो. आ, ओ, ए यांना ही युक्ती चांगली चालते. ई आणि ऊ यांना जबडा फारसा हलत नाही, तिथे तिच्यावर भिस्त ठेवू नये.

यमकाबद्दल आमचे मत थोडे वेगळे आहे. इंग्रजीत यमकाला मोठे स्थान आहे, कारण तिथे यमक जुळणारे कितीतरी शब्द शेवटी सारख्या अक्षरांनी लिहिले जातात आणि एक वाचता आला की दुसरा वाचता येतो. मराठीत लिहिण्याचा एकक अक्षर आहे, त्यामुळे यमकाचा वाचनाला थेट फायदा कमी. तीन-चार वर्षांच्या मुलाचे लक्ष अर्थावरून आवाजाकडे वळवायला बडबडगीते उत्तमच आहेत, पण साडेपाच वर्षांच्या मुलाकडून महिनोन्‌महिने यमके जुळवून घेण्यात वेळ जातो. शिवाय मराठीत ‘करतो’, ‘बसतो’, ‘धावतो’ अशी रांग मूल नुसत्या प्रत्ययाच्या जोरावर लावते. ते यमक ओळखते असे त्यावरून समजू नये. गाडी-साडी-काडी, शाळा-काळा-माळा असे शब्द घ्यावेत. मुलाने ‘धाळा’ असा अर्थहीन शब्द जोडला तर तो आनंदाने स्वीकारावा, तेच खरे ऐकणे.

आता पहिल्या आवाजाकडे येऊ. इथे दोन पायऱ्या आहेत आणि सरावपुस्तकांत त्या सर्रास एक केलेल्या दिसतात. पहिली पायरी अख्खे पहिले अक्षर सारखे असण्याची: पाटी, पाय, पाणी. तीन चित्रे ठेवून ‘पाटी, पाय, टोपी, कोण वेगळे?’ असे विचारावे. चार किंवा पाच चित्रे ठेवू नयेत; तेवढे शब्द मनात धरून ठेवण्यातच मुलाची शक्ती जाते आणि कानाऐवजी स्मरणशक्तीची परीक्षा होते. दुसरी पायरी पाटी, पिशवी, पेटी, पोपट यांची. यांत सारखा आहे तो नुसता प्. ‘पाटी आणि पिशवी एकाच आवाजाने सुरू होत नाहीत’ असे मूल ठामपणे सांगते, आणि ‘पा’ व ‘पि’ हे तुकडे खरोखरच वेगळे असल्याने त्याच्या बाजूने ते बरोबर असते. ही उडी मोठी आहे. लांबवता येणारी व्यंजने इथे मदतीला येतात: म, स, श, न, ल. ‘म्‌म्‌म्‌म्…मासा, म्‌म्‌म्‌म्…मीठ, म्‌म्‌म्‌म्…मोर’ असे म्हणता येते. क, ट, प असे लांबवता येत नाहीत आणि जोर दिला की त्यांच्यामागे ‘अ’ येऊन चिकटतो. म्हणून सुरुवात म आणि स यांनी करावी. प, ब, म यांच्या वेळी ओठ मिटतात ते आरशात दाखवावे. तोंडावर हात धरून शब्द सांगण्याची पद्धत कुठे कुठे दिसते. या वयात तिने मदत काढून घेतल्यासारखे होते.

शब्द निवडताना आणखी एक खबरदारी. ‘चाक’ आणि ‘चिमणी’ एका गटात ठेवू नयेत. लिहिताना च एकच असला तरी चाकातला च आणि चिमणीतला च हे कानाला दोन निराळे आवाज आहेत. ‘जाळे’ आणि ‘जीभ’ यांचेही तेच. ‘फळ’ आणि ‘फोन’ यांतले फ काहींच्या तोंडी वेगळे असतात. मूल यांना वेगळे म्हणाले तर ते चुकलेले नाही, आपली यादी चुकली आहे.

तक्त्यांवरचे ‘ण बाणाचा’ आणि ‘ळ बाळाचा’ हेही इथेच अडचण करतात. आठवडाभर आपण मुलाला शब्दाचा पहिला आवाज ऐकायला शिकवतो आणि मग ब ने सुरू होणाऱ्या चित्राखाली ण दाखवतो. रोजच्या मराठी शब्दांच्या सुरुवातीला ण किंवा ळ येत नाहीत, याला कोणाचा इलाज नाही. म्हणून ही दोन अक्षरे पहिल्या आवाजाच्या यादीतून काढून शेवटच्या आवाजाच्या खेळात घ्यावीत. ‘बाण’, ‘बाळ’, ‘फळ’ यांच्या शेवटी ती छान ऐकू येतात, कारण तिथे मागून ‘अ’ येत नाही.

शेवटच्या स्वरांसाठी मराठीने मुलांना एक तयार साधन देऊन ठेवले आहे, आणि त्याचा वापर जवळजवळ कोणी करत नाही याचे आश्चर्य वाटते. घोडा, घोडी, घोडे. काळा, काळी, काळे. शेवटचा स्वर बदलला की अर्थ बदलतो आणि हे मूल शाळेत येण्याआधीपासून बिनचूक वापरत असते. एक घोडा, एक घोडी आणि बरेच घोडे अशी तीन चित्रे ठेवावीत. शब्द म्हटला की मुलाने चित्र उचलायचे. हे जमतेच. मग विचारायचे: ‘घोडा आणि घोडी, तोंडात कुठे बदल झाला? सुरुवातीला की शेवटी?’ आरशात आ ला तोंड उघडलेले आणि ई ला ओठ ताणलेले दिसतात. त्यानंतर ‘नदी, शाळा, उशी, कोण वेगळे?’ इथे अर्थाचा आधार संपतो आणि मूल नुसता स्वर ऐकते. एक पथ्य: ‘मोठे घर’ असले नपुंसकलिंगी शब्द घेऊ नयेत. बोलताना आपण ‘मोठं’ म्हणतो, त्यामुळे ए ऐकायला लावायचा आणि ऐकवायचा अं, असा घोळ होतो.

इतके झाले की व्यंजन आणि स्वर सुटे करण्याची वेळ येते. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ दानिल एल्कोनिन यांची चौकटींची रीत यासाठी जगभर वापरली जाते: चित्राखाली शब्दात जितके ध्वनी तितके चौकोन, आणि दर ध्वनीला एक सोंगटी चौकोनात सरकवायची. मराठीसाठी तिच्यात एक बदल सुचवतो. सोंगट्या दोन रंगांच्या घ्याव्यात, व्यंजनाला निळी आणि स्वराला लाल. सुरुवात एका व्यंजनाच्या आणि एका स्वराच्या शब्दांनी करावी. असे शब्द मराठीत भरपूर आहेत: मी, ने, ये, दे, घे, जा, गा, पी, धू. ‘मी’ लांबवून म्हणायचे, म्‌म्‌म्‌ला निळी सरकवायची, ईईईला लाल. ‘आई’ला दोन्ही लाल, हे मुलांना फार आवडते. त्यानंतर ‘उशी’: लाल, निळी, लाल. चार सोंगट्यांचा ‘मासा’ येईपर्यंत दोन-तीन आठवडे सहज जातात, जाऊ द्यावेत.

आणि याच टप्प्यावर सोंगटीच्या जागी अक्षर यावे. ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही मुलांना नुसते आवाजांचे गट करायला शिकवले, तर काहींना त्याच आवाजांसोबत प्लॅस्टिकची अक्षरेही दिली. वाचन-लेखनात अक्षरे मिळालेला गट पुढे राहिला. अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनेल या तज्ज्ञ समितीने २००० मध्ये ५२ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हाही अक्षरांसह शिकवणे, छोटे गट आणि एका वेळी एक किंवा दोनच कौशल्ये हाती घेणे जास्त फलदायी ठरले. नुसत्या तोंडी खेळांचा काही उपयोग नाही, असा याचा अर्थ नव्हे. डेन्मार्कमध्ये लुंडबर्ग, फ्रॉस्ट आणि पीटरसन यांनी १९८८ च्या अभ्यासात शाळापूर्व वर्गांत आठ महिने रोज अक्षरांविना ध्वनिखेळ घेतले होते आणि त्या मुलांचे पुढचे वाचन-लेखन सुधारलेले दिसले. पण अक्षरे शिकवायचीच आहेत तर खेळ आणि अक्षर दोन वेगळ्या तासांना कशाला ठेवायचे?

देवनागरीत ही जोडणी करणे विशेष सोपे आहे. जाड कागदावर म, स, क, न, ल ही पाच अक्षरे आणि वेगळ्या पट्ट्यांवर काना व दुसरी वेलांटी एवढेच करून घ्यावे. निळ्या सोंगटीच्या जागी म, लालच्या जागी काना. पट्टी काढून वेलांटी लावली की ‘मा’चे ‘मी’ होते. व्यंजन तसेच राहिले आणि स्वर बदलला हे कान, डोळे आणि हात एकदमच पाहतात. एवढ्या सामानात मामा, मामी, काका, काकी, मासा, नाक, कान, मान, लाल, नाला, काल, साल असे डझनभर शब्द होतात. ‘नाक’ची अक्षरे उलटली की ‘कान’ होतो, यात मुले बराच वेळ रमतात आणि आवाजांच्या क्रमाने शब्द बदलतो हेही पक्के होते. एक गोष्ट मात्र सांगावीच लागते: काना काढला, काहीच लावले नाही, तरी म मुका होत नाही, तिथे ‘अ’ असतो (‘नाक’सारख्या शब्दाच्या शेवटी मात्र, वर सांगितल्याप्रमाणे, तो म्हटला जात नाही). दिसत नाही आणि ऐकू येतो, म्हणून हा स्वर मुलांना सगळ्यांत उशिरा पकडता येतो. पहिली वेलांटी नंतरच्या महिन्यांत आणावी. ‘कि’मध्ये कानाला आधी क् आणि मग इ येते, डोळ्याला मात्र आधी वेलांटी दिसते. आवाजाचा क्रम ज्याच्या कानात पक्का आहे त्याला ‘हिची जागा अलीकडे’ एवढे सांगितले की पुरते. ज्याच्या कानात तो नाही ते मूल वेलांटी शेजारच्या अक्षराला देऊन टाकते आणि आपण त्याला धांदरट म्हणतो.

बाराखडीवर अलीकडे टीका होते, ती आम्हाला पटत नाही. व्यंजन तेच ठेवून स्वर बदलत नेण्याचा इतका सुबक तक्ता इतर अनेक भाषांना हेवा वाटावा असा आहे. बिघडते ते ‘क ला काना का, क ला वेलांटी की’ या घोकंपट्टीने. सूर पाठ होतो आणि मधलेच ‘के’ विचारले तर मूल ‘क’पासून सुरुवात करते. उपाय साधा आहे: तक्ता आडवा जितका वाचता तितकाच उभा वाचा. का, मा, सा, ना, ला. की, मी, सी, नी, ली. उभे वाचताना स्वर तोच राहतो आणि व्यंजन बदलते. मग मध्येच कुठेही बोट ठेवावे. आणि ‘वेलांटी’ हे खुणेचे नाव घेण्याआधी ‘ई’ हा तिचा आवाज म्हणावा.

क-ख, ग-घ, त-थ, प-फ यांत गोंधळणाऱ्या मुलांसाठी बोटभर रुंदीची पातळ कागदाची पट्टी तोंडापासून सुमारे दहा सेंटिमीटरवर धरावी. ‘ख’ म्हणताना ती फडफडते, ‘क’ म्हणताना जवळजवळ स्थिर राहते. क-ग, प-ब, त-द यांसाठी घशावर दोन बोटे ठेवून थरथर तपासावी. आपली वर्णमाला उच्चारस्थानांप्रमाणेच लावलेली आहे, पण शेजारी बसलेले आवाज सर्वांत जास्त सारखे असतात. म्हणून क आणि ख एकाच आठवड्यात शिकवू नयेत.

काही गोष्टी कानावर सोपवूच नयेत. ह्रस्व-दीर्घ ही त्यांतली पहिली. आजच्या बोलण्यात इ-ई आणि उ-ऊ यांची लांबी बहुतेक शब्दांत जागेवरून ठरते, त्यामुळे ‘नीट ऐक, ह्रस्व आहे की दीर्घ’ हा प्रश्न मुलाला अंदाज करायला लावतो. तो नियमांचा विषय आहे आणि त्याला तिसरी-चौथीपर्यंत वेळ आहे. श आणि ष यांचेही तसेच. अनुस्वाराबाबत उलट प्रकार होतो: मूल जास्त ऐकते. ‘खांब’मध्ये त्याला म् ऐकू येतो, ‘घंटा’मध्ये ण्, ‘पंथ’मध्ये न्, आणि आपण तिन्ही ठिकाणी एकच टिंब देतो. ‘खामब’ लिहिणाऱ्या मुलाच्या वहीवर फुली मारण्याआधी त्याने म् बरोबर ऐकला हे त्याला सांगावे, मग टिंब दाखवावे.

वेळ किती द्यायचा? दिवसाला दहा मिनिटे, आठवड्याला पाच दिवस, वीस आठवडे. हे साधारण सतरा तास होतात, आणि वर उल्लेख केलेल्या पॅनेलला एकूण पाच ते अठरा तासांचे शिकवणे सर्वाधिक परिणामकारक आढळले होते. एकाच दिवशी पाऊण तास घेऊन भरपाई होत नाही. दहा-बारा मिनिटांनंतर या वयाचे मूल आवाज ऐकणे सोडून देते आणि उत्तरे फेकू लागते. एका कौशल्यावर नवे पाच शब्द द्यावेत, चार बरोबर आले की पुढे जावे. तीन किंवा त्याहून कमी आले तर तोच खेळ सोपे शब्द घेऊन खेळावा. लेखी चाचणी मुळीच नको.

ज्या मुलाच्या घरी ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘बाळ’ला ‘बाल’ म्हणतात, त्याची ण-न किंवा ळ-ल यांवर परीक्षा घेऊन त्याला कच्चे ठरवू नये. त्याचा कान त्याच्या घरच्या भाषेला पूर्ण तयार असतो. तुकडे मोजणे, जोडणे, स्वर ओळखणे ही कामे त्याच्याच उच्चारांवर घ्यावीत. दुसरीकडे, साडेपाच-सहा वर्षांचे मूल दोन महिने नियमित खेळूनही ‘टो… पी’ जोडू शकत नसेल, वारंवार ‘काय?’ विचारत असेल, सर्दीनंतर कान दुखत किंवा वाहत असतील, तर आधी श्रवणतपासणी करून घ्यावी. मधल्या कानात पाणी साठून राहिले तर ऐकू येणे महिनोन्‌महिने कमी-जास्त होते आणि वर्गात ते ‘लक्ष नसणे’ म्हणून खपते. ऐकू नीट येत असेल, घरात आणखी कोणाला वाचनाची अडचण असेल आणि पहिली संपतानाही मूल अक्षर-आवाज जोडू शकत नसेल, तर तज्ज्ञाकडे पाठवायला दुसरी-तिसरीची वाट पाहू नये.

शेवटी आपल्यासारख्या संपादकांना एक विनंती. वर्तमानपत्रांच्या बालपानांवर ठिपके जोडून अक्षर काढा किंवा चित्र पाहून शब्द लिहा, असे खेळ असतात. त्यांच्याबरोबर आठवड्याला एक ‘कोण वेगळे?’ छापावे. चित्रे तीनच, ठळक आणि एकाच नावाने ओळखता येणारी. ‘घर’ म्हणावे की ‘झोपडी’ असा प्रश्न पडेल असे चित्र नको. चित्रांखाली शब्द छापू नयेत, नाहीतर मोठी भावंडे वाचून उत्तर सांगतात. पहिल्या महिन्यात पाटी-पाय-टोपी, दुसऱ्यात नदी-शाळा-उशी, तिसऱ्यात मासा-मोर-गाडी, या क्रमाने. उत्तरे त्याच पानावर उलटी न छापता पुढच्या अंकात द्यावीत.

आपल्या,
बालवाडी आणि पहिली-दुसरीच्या भाषाशिक्षणात काम करणाऱ्या काही शिक्षिका